नसलेल्या पुलावर

सर डोळे मिटून खुर्चीत मागे रेलले की आम्ही समजायचो, ते पुलावर गेले. मग त्यांना हाक मारायची नाही, फोन द्यायचा नाही, चहासुद्धा पुढे सरकवायचा नाही, असा आमच्या ऑफिसचा अलिखित नियम होता. दहा-पंधरा मिनिटांनी ते परत यायचे. चेहरा असा टवटवीत, की खरंच कुठून तरी वारा खाऊन आलेत. गार झालेला चहा एका घोटात संपवायचे आणि चिंतेनं म्हणायचे, "मधल्या बाकावर दुपारी ऊन येतं हो. पुलावर झाड तर नाही लावता येणार. काय करायचं?"

पूल नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण सरांचं बोलणं ऐकणाऱ्या नवख्या माणसाचा हमखास गोंधळ व्हायचा. पूल नव्हता, बाक नव्हता. ऊन तेवढं होतं.

कृष्णपुऱ्याच्या जुन्या समाधी-छत्र्यांजवळून वाहणारी आमची नदी शहराच्या कडेला जिथे जरा मोकळी होते, तिथे दोन वस्त्या समोरासमोर आहेत. मध्ये एक रपटा. रपटा म्हणजे नदीच्या पात्रातच घातलेला सिमेंटचा ठेंगणा रस्ता. उन्हाळ्यात कोरडा, पावसाळ्यात पाण्याखाली. तिथे पूल हवा, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. वाद होता तो पूल कोणी बांधावा याचा. नेहमीच्या बांधकाम खात्यानं बांधावा, की पुलासाठी आणि दोन्ही काठांसाठी एक वेगळं प्राधिकरण काढावं, ज्याचं ऑफिस वेगळं, अधिकारी वेगळे, अधिकारही वेगळे? याचा अभ्यास करायला एक समिती नेमली गेली. समितीत माणूस एकच, ते म्हणजे सर. हाताखाली कंत्राटावर घेतलेली मी, टायपिंग आणि कागदपत्रं बघणाऱ्या जोशीबाई आणि आमचा शिपाई रमेश, म्हणजे सगळ्यांचा रमेशभिया. मल्हारगंजात बॅगा शिवणाऱ्या एका कारखान्याला लागून वरच्या मजल्यावर दोन खोल्या आम्हाला मिळाल्या होत्या. दिवसभर भिंतीपलीकडून शिलाई मशीनची घरघर यायची. दुपारी त्या आवाजात आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात काम करणं म्हणजे झोपेशी कुस्तीच होती.

सर निवृत्त इंजिनियर. कॉलेजात पुलांवरच शिकलेले, पुलांचं वेड घेऊनच नोकरीला लागलेले. आणि अख्ख्या नोकरीत त्यांच्या वाट्याला काय आलं, तर रस्त्यांचे खड्डे, सरकारी क्वार्टरांची गळती, कंपाउंडच्या भिंती आणि पाण्याच्या दोन टाक्या. त्यांच्या विभागात पूल यायचा तेव्हा त्यांची बदली झालेली असायची. ते हे हसत सांगायचे. घरी मात्र बैठकीच्या भिंतीवर त्यांनी विद्यार्थी असताना काढलेली पुलाची तीन रेखाटनं लावलेली होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "ह्यांचं एक प्रेम होतं बरं का. जमलं नाही. मग माझ्याशी लग्न केलं." आणि मानेनंच भिंतीकडे दाखवलं.

तेव्हा हा पूल त्यांच्यासाठी काय होता, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अहवालात 'प्राधिकरण हवं' असं आलं, तर त्याचे अध्यक्ष सरच होणार हे ठरल्यातच जमा होतं. वरून तसा फोनही आला होता, आणि तो मीच घेतला होता. "बस रिपोर्ट आने दीजिए मॅडम, अध्यक्ष तो सरजी ही रहेंगे." प्राधिकरण झालं असतं तर मीही नोकरीत पक्की झाले असते. त्यामुळे मी तर मनातल्या मनात केव्हाच 'हो' लिहून मोकळी झाले होते.

सरांचे दोन शब्दप्रयोग ठरलेले. कुठलाही कागद समोर आला की पहिला प्रश्न, "हे कोणी ठरवलं?" आणि कुठल्याही प्रश्नाचं शेवटचं उत्तर, "बघून येऊ." बघून येऊ म्हणजे खरोखर जायचं. मोजायचा टेप खिशात घालायचा, रिक्षा पकडायची, रपट्यावर जायचं. तिथे ते चपला काढून कडेला पाण्यात पाय सोडून बसत. पाण्याला पूर्वीइतका वास येत नाही आता, पण येतो. मी नाकाला ओढणी लावून उभी राहायची. येणाऱ्याजाणाऱ्याला सर थांबवायचे आणि पूल सोडून भलतंच विचारायचे. डब्यात काय आहे? कोणत्या हातात धरता? मूल कोणत्या खांद्यावर? आणि मला म्हणायचे, "लिही बेटा. उजव्या हातात डबा, डावा मोकळा." माझी एक अख्खी वही असल्या नोंदींनी भरली होती. कठडा कोणत्या उंचीला हवा, ते त्यांना लोकांच्या मोकळ्या हातावरून ठरवायचं होतं. वस्तीत त्यांना 'पुलवाले बाबूजी' म्हणायचे.

ऑफिसात त्यांनी जमिनीवर खडूनं पुलाची रुंदी आखली होती. खोली पुरेना. तेव्हा शेजारच्या कारखान्याच्या मालकाला विचारून उरलेला पूल त्यांनी तिकडे आखला. म्हणजे फूटपाथ आमच्याकडे आणि गाड्यांचा रस्ता शिलाई मशीनच्या खाली. कारखान्यातली माणसं मोठी गमतीदार. त्यांनी रेघा पुसल्या तर नाहीतच, उलट आम्ही दिसलो की ओरडायची, "सरजी, आज ट्राफिक बहुत है!" सर गंभीरपणे मान डोलवायचे.

एकदा दुपारी त्यांनी आम्हा तिघांनाही पुलावर नेलं. म्हणजे डोळे मिटायला लावले. "आता सावकाश चाला. घाई नाही. मध्यावर आलात की थांबा आणि खाली बघा. काय दिसतं?" रमेशभिया सगळ्यात आधी बोलला, "सरजी, खरं सांगू? मला भीती वाटून राहिली आहे. रेलिंग किधर है?" सरांनी लगेच नोंद केली, कठडा उंच. मग जोशीबाई हळूच म्हणाल्या, "आई दिसतेय. काठावर पापड वाळत घालून राहिलीय." त्यांची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. कोणी हसलं नाही. मी डोळे नुसते मिटून बसले होते, मनात घरी नेण्याच्या भाजीची यादी चालू होती. पण मशीनची घरघर हळूहळू लांब गेली आणि मला तळपायाखाली काहीतरी रुंद, तापलेलं, पक्कं जाणवायला लागलं. दोन्ही बाजूंनी माणसं चालली होती. कोणीतरी सायकल हातात धरून चाललं होतं. खाली पाणी हिरवट आणि संथ. मधल्या बाकावर सर बसले होते आणि त्यांनी माझ्याकडे बघून थोडं सरकून जागा केली. मी डोळे उघडले तेव्हा पाच वाजून गेले होते. मी झोपले होते असं रमेशभिया म्हणतो. असेन. पण त्या दिवसापासून पूल माझाही झाला.

आता ती तालीम सांगायला हवी.

एका सोमवारी सर म्हणाले, "प्राधिकरण चांगलं की वाईट हे कागदावर कसं कळणार? चालवून बघू." आणि तिथल्या तिथे त्यांनी आमच्या दोन खोल्यांत एक खोटं प्राधिकरण स्थापन केलं. अध्यक्ष रमेशभिया, सचिव मी, नियमांची बाजू जोशीबाईंकडे. सर स्वतः झाले नागरिक. रमेशभियाचं दाराबाहेरचं स्टूल त्यांनी घेतलं आणि तिथे जाऊन बसले. "मी अर्ज करेन. तुम्ही निर्णय घ्या. मी काही सांगायला येणार नाही. नागरिकाला कुठे आत येता येतं?"

पहिले दोन दिवस आम्ही हसतच होतो. तिसऱ्या दिवशी रमेशभियानं टेबलावर घंटी हवी म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी अध्यक्षांची खुर्ची पंख्याखाली आली. जोशीबाईंनी आधीच्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर झाल्याशिवाय पुढची बैठक घ्यायला साफ नकार दिला. मी अर्जाचा नमुना तयार केला, चार प्रतींत. सर बाहेरून अर्ज पाठवायचे. काठावर कचरापेटी ठेवावी, नावाची पाटी लावावी, असे. आम्ही ते परत करायचो. खरं सांगते, मला मजा येत होती. 'अर्ज अपूर्ण' असं लाल शाईनं लिहिण्यात एक सुख असतं आणि ते मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं. सर परत आलेला अर्ज बघत, मान हलवत आणि पुन्हा लिहायला घेत. अधूनमधून स्टुलावरच डोळे मिटून पुलावर जात.

त्याच दिवसांत गीताबाई जिना चढून वर आली. पलीकडच्या वस्तीतल्या शाळेत ती दुपारचं जेवण रांधायची आणि राहायची अलीकडे. रोज सकाळी रपटा ओलांडून जायची. सर तिला ओळखत होतेच. माझ्या वहीत ती होती, 'दोन्ही हातांत पिशव्या'. तिनं मुलाच्या वहीतलं पान फाडून चार ओळी लिहून आणल्या होत्या. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहतं, पाय ठरत नाही, पूल होईल तेव्हा होईल, तोवर धरायला एक रस्सी बांधून द्या.

सरांनी तो कागद घेतला आणि आपल्या बाकीच्या अर्जांत ठेवून आत पाठवला. हा खरा आहे, हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. त्यांना बघायचं होतं. खोट्या अर्जांना उशीर होतो हे ठीक आहे, पण खरा अर्ज आला तर माणसं आपोआप ओळखतील, त्याच दिवशी उठतील, अशी त्यांची खात्री होती. आम्हाला वाटलं, सरांनीच अक्षर बदलून लिहिलाय. जोशीबाई तर म्हणाल्या, "काय हुबेहूब लिहिलंय हो!"

मग आमची बैठक झाली. रमेशभियानं फार बिनतोड मुद्दा काढला. "रस्सी म्हणजे पूल आहे काय? पूल नाही, तर आपला विषयच नाही." जोशीबाईंचं म्हणणं, दोरी नदीच्या पात्रात येणार, पात्र दुसऱ्या खात्याचं. मी त्या पानावर लिहिलं, 'अभिप्रायार्थ सादर'. कोणाच्या अभिप्रायार्थ, ते लिहिलं नाही. पान फाइलीत गेलं. असे अठरा-एकोणीस दिवस गेले. मध्ये गीताबाई सरांना रपट्यावर भेटली होती. "बाबूजी, रस्सी का क्या हुआ?" तिनं विचारलं. सर तिला म्हणाले, "अर्जी लगी है, देखते हैं." हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

त्या सकाळी आमच्याकडे लख्ख ऊन होतं. पण नदीच्या वरच्या अंगाला, महूकडे, आदल्या दिवशी मुसळधार झाली होती आणि ते पाणी उन्हातच खाली आलं. गीताबाई रपट्याच्या मध्यावर असताना तिचा पाय निसटला. वीसेक हात ती वाहत गेली आणि काठच्या झुडपात अडकली. दोन माणसांनी ओढून काढलं. जीव वाचला. उजवं मनगट मोडलं.

रमेशभियाला वस्तीतून फोन आला तेव्हा तो अध्यक्षांच्या खुर्चीत होता. त्यानं फोनवर ऐकलेलं जसंच्या तसं मोठ्यानं सांगितलं. सर बाहेरून आत आले. तालीम सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच ते आत आले होते. "रस्सीचा अर्ज कुठे आहे?" मी फाइल काढून दिली. त्यांनी पान हातात घेतलं, माझी लाल शाई वाचली आणि म्हणाले, "हा खरा होता."

रमेशभिया खुर्चीतून उठून जमिनीवर बसला. जोशीबाईंनी पदर तोंडाला लावला. मला मात्र रडू आलं नाही, संताप आला. "मग सांगायचं ना सर! आम्हाला काय स्वप्न पडणार होतं? तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही स्टुलावर बसून राहिलात!" मी त्यांच्यावर कधीच आवाज चढवला नव्हता. कारखान्यातली मशीनंसुद्धा थांबली.

"हो," सर म्हणाले. "रस्सी तर मी खाली उतरून विकत घेऊ शकत होतो बेटा. खाली सगळा बाजारच आहे."

आणि ते खाली उतरले. रमेशभिया त्यांच्या मागोमाग गेला. जाड नायलॉनची दोरी घेतली, लोखंडी पहारी घेतल्या. पाणी उतरल्यावर वस्तीतल्या चार माणसांना घेऊन त्यांनी रपट्याच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणली. किती हात उंच बांधायची, हे कोणाला विचारावं लागलं नाही. दुपारी सुरू केलेलं काम ऊन उतरायच्या आत संपलं.

आम्ही गीताबाईकडे गेलो तेव्हा ती प्लास्टर घातलेला हात मांडीवर घेऊन, डाव्या हातानं पोळी लाटायचा प्रयत्न करत होती. सरांनी सगळं कबूल केलं, काही लपवलं नाही. तिनं ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "बाबूजी," ती म्हणाली, "बायें हाथ से रोटी नहीं बनती, नक्शा बनता है." आणि लाटलेलं ते वेडंवाकडं दाखवून हसली. मग हसू थांबल्यावर विचारलं, "पुल कब बनेगा?" परत येताना रिक्षात ते सगळा वेळ डोळे उघडे ठेवून बसले होते.

त्यानंतर ते पुलावर गेलेच नाहीत. दुपारी मशीनची घरघर चालू असायची, ऊन यायचं, चहा गरम असतानाच ते पिऊन टाकायचे. आम्हाला ते बघवत नव्हतं. एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि अहवाल सांगायला सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्यात मला कळलं, हा 'नाही'कडे चालला आहे. मी लिहायचं थांबवलं.

"सर, असं नका करू. 'हो' लिहा. तुम्ही अध्यक्ष झालात तर असं कधीच होणार नाही. तुम्ही तर पहिल्याच दिवशी दोरी बांधाल."

"रमेशला अध्यक्ष केलं तेव्हा तो वाईट माणूस होता का?"

"नाही."

"जोशीबाई? तू?"

मी मान हलवली.

"आणि मी तर बाहेरच बसलो होतो, सगळं माहीत असून. तरी नाही उठलो. मी आत बसल्यावर उठेन हे कोणी ठरवलं?" त्यांचा आवाज अगदी शांत होता. "हे बघ, प्राधिकरण आधी स्वतःला बांधेल. त्याची बिल्डिंग होईल, नियम होतील, खुर्च्या होतील. पुलाचा नंबर मग लागेल. एवढासा पूल आहे गं. खात्याकडे त्याचा साचा तयार आहे. देखणा नाही होणार. पण होईल."

"आणि तुमचा पूल?"

त्यांनी कागद माझ्यापुढे सरळ केला. मग म्हणाले, "तुझी नोकरी यात जाणार, मला कळतं. मला माफ कर. लिही."

मी लिहिलं. प्राधिकरणाची आवश्यकता नाही, काम बांधकाम खात्यानंच तातडीनं हाती घ्यावं, तोवर रपट्यावर दोरी आणि पावसाळ्यात पहारेकरी असावा. सगळा मिळून दीड पानांचा अहवाल. सरांनी सही केली, पेनचं टोपण लावलं आणि आजच पाठव म्हणाले. वरून पुन्हा फोन आला, "सरजी ने ये क्या कर दिया?" मी म्हटलं, "उन्हीं से पूछिए." कोणी विचारलं नाही. महिनाभरात खोल्या रिकाम्या केल्या. जोशीबाई मुलाकडे उज्जैनला गेल्या, रमेशभियानं शाळेत नोकरी धरली, मी महूच्या रस्त्यावरच्या एका कंपनीत लागले.

पूल झाला. काही वर्षं लागली, पण सर म्हणाले होते तसाच झाला. सरळ, सपाट, जाडजूड, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा. बाक नाही. फूटपाथवरून दोन माणसं शेजारी चालली की तिसऱ्याला उतरावं लागतं. उद्घाटनाचा फोटो मी पेपरात पाहिला. त्यात सर नव्हते, त्यांना कोणी बोलावलंही नव्हतं. मी त्यांना फोन केला आणि पुढच्या रविवारी सकाळी घेऊन गेले. वाटेत आम्ही पोहे खाल्ले. सर मजेत होते, पोह्यांवर जीरावन मसाला कमी भुरभुरलाय म्हणून दुकानदाराशी वाद घालत होते. ई-रिक्षा पुलाच्या तोंडाशी थांबली. सर उतरले आणि तिथेच उभे राहिले.

पुलावर चांगलीच वर्दळ होती. दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल गेली. शाळेच्या कपड्यांतल्या दोन मुली गप्पा मारत गेल्या. एक म्हातारा मध्यावर थांबला, खाली थुंकला आणि पुढे गेला. ऊन कोवळं होतं. सरांनी कठड्यावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मला वाटलं, आता टेप काढतील आणि उंची मोजतील.

"चला ना सर," मी म्हटलं.

ते हलले नाहीत. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होते. आम्ही सगळे जे जाणून होतो, ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं आजवर एकदाही म्हटलं नव्हतं.

"मला हा फार बांधायचा होता गं," सर म्हणाले.

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही चालायला लागलो. पलीकडे पोचायला तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.